हॅचबॅक की छोटी एसयूव्ही? आमच्या गाडीखरेदीची गोष्ट

आमची जुनी गाडी जानेवारी २०११ ची. खासगी गाडीची नोंदणी पहिल्यांदा १५ वर्षांची मिळते, म्हणजे आमची जानेवारी २०२६ ला संपणार होती. पुढेही चालवायची तर आरटीओत फेरनोंदणी, तपासणी, ५,००० रुपये फी आणि वर पर्यावरण कर. इंजिन अजून ठणठणीत होतं. पण गाडीत एकही एअरबॅग नव्हती, आणि त्याच गाडीतून आम्ही सासूबाईंना घेऊन पुण्याहून कराड, मलकापूर, आंबा घाट, साखरपा असं करत देवरुखजवळच्या गावी जात होतो. जून २०२५ मध्ये घरात एकमत झालं की फेरनोंदणी नको, नवी गाडीच घेऊ. ऑन-रोड, म्हणजे कर आणि विमा धरून, साडेअकरा लाखांच्या वर जायचं नाही, हेही तेव्हाच ठरलं.

त्यानंतर दिवाळीपर्यंत जे काही झालं ते सविस्तर लिहितेय. जुलैत मी हेच शोधत होते आणि मिळत होती ती फक्त फीचर्सची कोष्टकं.

साडेअकरा लाखांत दोन जातीच्या गाड्या समोर येतात. एकीकडे प्रीमियम हॅचबॅक: बलेनो, अल्ट्रोझ, आय-ट्वेंटी. दुसरीकडे कॉम्पॅक्ट एसयूव्ही: नेक्सॉन, कायलॅक, व्हेन्यू, एक्सयूव्ही थ्री-एक्स-ओ. किमती एकमेकींत इतक्या शिरलेल्या असतात की हॅचबॅकचं वरचं व्हेरियंट आणि एसयूव्हीचं मधलं व्हेरियंट जवळजवळ एकाच आकड्याला मिळतं. त्यामुळे खरा प्रश्न असा पडतो, की त्याच पैशांत कमी उंचीची पण सगळ्या सोयींची गाडी घ्यायची, की उंच गाडी घेऊन बऱ्याच सोयी सोडायच्या?

लांबीला या सगळ्या सारख्याच. चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत असेल तर कर कमी लागतो. हा नियम २००६ च्या अर्थसंकल्पापासून आहे, म्हणून कंपन्या गाडी ३९९० किंवा ३९९५ मिलिमीटरवर आणून थांबवतात. एसयूव्ही घेतली की ट्रॅफिकमध्ये लांबलचक धूड सांभाळावं लागेल ही माझी भीती तिथेच गेली. फरक असतो तो उंचीत, रुंदीत आणि पोटाखालच्या मोकळ्या जागेत. अल्ट्रोझची उंची १५२३ मिमी, नेक्सॉनची १६२०. ग्राउंड क्लिअरन्स अल्ट्रोझला १६५ मिमी, बलेनोला १७०, नेक्सॉनला २०८.

डिकीच्या बाबतीत मात्र नावावर जाऊ नका. एसयूव्ही म्हणजे मोठी डिकी असं आपण धरून चालतो. कायलॅकची ४४६ लिटरची डिकी खरंच मोठी आहे. पण एसयूव्हीसारख्याच दिसणाऱ्या फ्रॉन्क्सची ३०८ लिटर आहे आणि अल्ट्रोझ या हॅचबॅकची ३४५. नेक्सॉनची ३८२. आम्ही दोन मोठ्या बॅगा आणि सासूबाईंचा घडीचा वॉकर बरोबर घेऊनच शोरूममध्ये जायचो. सेल्समन आधी जरा गोंधळायचे, मग स्वतःच डिकी उघडून द्यायचे. लिटरचा आकडा आणि प्रत्यक्ष सामान यांचं नेहमी जमतंच असं नाही. डिकीची कड किती उंचावर आहे, वॉकर आडवा बसतो की तिरका, हे ठेवून बघितल्याशिवाय कळत नाही. गावाहून येताना तांदळाचं पोतं आणि मे महिन्यात आंब्याच्या पेट्या असतात, त्यामुळे हे आमच्यासाठी महत्त्वाचं होतं.

टेस्ट ड्राइव्हला बहुतेक लोक चालवणाऱ्यालाच नेतात. तुमच्या घरी वयस्कर माणूस असेल तर त्यांना नक्की न्या, आणि रविवारी न जाता मधल्या वारी सकाळी जा. शोरूम रिकामी असते, कोणी घाई करत नाही. सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत, दोन्ही गुडघे झिजलेले. पहिल्या हॅचबॅकमध्ये त्या सहज बसल्या. दार चांगलं रुंद उघडत होतं. मला वाटलं, झालं काम. मग उतरायची वेळ आली. त्यांनी एक हात दाराच्या कडेवर ठेवला, दुसरा पुढच्या सीटच्या पाठीवर, आणि दोनदा जोर लावूनही उठता येईना. शेवटी लेकीने हात दिला. म्हणाल्या, "अगं, बसताना अंग आपोआप खाली जातं. उठताना सगळा भार गुडघ्यावर येतो."

त्या दिवसापासून मी पर्समध्ये मोजपट्टी ठेवायला लागले. जमिनीपासून सीटच्या कडेपर्यंतची उंची मोजायची आणि घरातल्या ज्या खुर्चीतून त्या आधाराशिवाय उठतात तिच्याशी ताडून बघायची. आमच्या जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीच्या जितकं जवळ, तितकं चांगलं. फार उंच गाडीही उपयोगाची नाही, कारण मग चढताना पाय उचलावा लागतो. कॉम्पॅक्ट एसयूव्हीत हे बरोबर साधत होतं. सीट कमरेच्या पातळीला येते, माणूस आडवा सरकून बसतो आणि तसाच सरकून उतरतो.

मला स्वतःला हॅचबॅक आवडली होती, हे सांगायलाच हवं. माझी उंची पाच फूट. कमी उंचीची गाडी वळणावर कमी झुकते, हलकी वाटते, गल्लीत पटकन वळते. पेट्रोलही कमी लागतं. बलेनो मॅन्युअलचा अधिकृत आकडा लिटरला २२.३५ किलोमीटर आहे, नेक्सॉन पेट्रोलचा १७ च्या आसपास. प्रत्यक्षात मी अनुक्रमे १८ आणि १४ धरले. वर्षाला १०,००० किलोमीटर आणि पेट्रोल १०४ रुपये धरलं तर वर्षाचा फरक साडेसोळा हजारांच्या घरात जातो. पाच वर्षांत ऐंशी हजारांच्या वर. उंचीची ही किंमत आहे आणि ती डोळ्यांसमोर ठेवूनच निर्णय घ्यावा.

सुरक्षिततेचा मुद्दा आम्हाला वाटला होता त्यापेक्षा लवकर मिटला. देशात बनलेल्या गाड्यांमध्ये ग्लोबल एनकॅपचे (गाडी आदळवून घेतलेल्या सुरक्षा चाचणीचे) पाच तारे सर्वांत आधी २०१८ मध्ये नेक्सॉनला मिळाले, जानेवारी २०२० मध्ये अल्ट्रोझलाही. म्हणजे हॅचबॅक आहे म्हणून कमी सुरक्षित, असं सरसकट म्हणता येत नाही. आता भारत एनकॅप या तशाच देशी चाचणीचे निकाल सगळ्यांना बघायला मिळतात, मॉडेलवार बघा. आम्ही दोनच अटी घातल्या: सहा एअरबॅग आणि ईएसपी. ओल्या घाटात गाडी घसरायला लागली तर एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून ती सरळ ठेवणारी यंत्रणा म्हणजे ईएसपी. ती सनरूफच्या कितीतरी आधी यायला हवी.

जुलैच्या शेवटी गावी गेलो. आंबा घाटाच्या परिसरात मिऱ्या-नागपूर महामार्गाचं काम चालू होतं, जागोजाग वळवलेला रस्ता आणि खडी. त्याहून अवघड म्हणजे डांबरी रस्ता सोडून वाडीत उतरणारा जांभ्याचा उतार. पावसात मधली माती वाहून जाते आणि दोन चाकोऱ्यांमध्ये दगड उंच राहतात. खाली एक पऱ्या (ओढा) आहे, त्यावरच्या मोरीचा उंचवटा. जुनी गाडी तिथे पोटाला घासायचीच, म्हणून आम्ही सासूबाईंना वरच उतरवून चालवत न्यायचो. या वेळी मी सर्वांत उंच दगड मोजला. चाकोरीपासून सतरा सेंटिमीटर भरला. चार माणसं आणि सामान भरलं की गाडी आणखी खाली बसते, त्यामुळे १६५ किंवा १७० मिलिमीटरमध्ये ते जमणारं नव्हतं. पुण्यातल्या पुण्यातच फिरायचं असतं तर मी या दगडाचा विचारही केला नसता.

गुडघे आणि उतार दोन्ही एसयूव्हीच्या बाजूने गेले. पण दोन अडचणी उभ्या राहिल्या.

पहिली पैशांची. मला ट्रॅफिकसाठी क्लचविना गाडी हवी होती. नेक्सॉनच्या मधल्या पेट्रोल एएमटी (गिअर आपोआप बदलणाऱ्या) व्हेरियंटचं जुलैतलं कोटेशन एक्स-शोरूम, म्हणजे रोड टॅक्स आणि विमा सोडून, १० लाख ४० हजार होतं. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के रोड टॅक्स लागतो, दहा ते वीस लाखांना १२ टक्के, आणि तो पूर्ण किमतीवर. म्हणजे १,२४,८०० रुपये. शिवाय दहा लाखांच्या वरच्या गाडीवर १ टक्का टीसीएस (विक्रेत्याने आधीच घेतलेला आयकर), १०,४०० रुपये. तो विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो, पण आधी खिशातून जातोच. विमा धरून आकडा सव्वाबारा लाखांच्या पुढे गेला. बजेट साडेअकराचं. आम्ही पुन्हा हॅचबॅकच्या कागदांकडे वळलो.

दुसरी अडचण पार्किंगची. आमच्या सोसायटीत दुमजली पझल पार्किंग आहे, म्हणजे यंत्राने सरकणाऱ्या पॅलेटवर (लोखंडी फळीवर) गाडी उभी करायची, आणि आमचा पॅलेट खालचा. खांबावर पाटी आहे: कमाल उंची १५५० मिमी, कमाल वजन २००० किलो. हॅचबॅक आरामात मावते. १६२० ची गाडी खाली मावत नाही. गाडी बुक करून मग हे कळलेली कुटुंबं आमच्या ओळखीत आहेत. मेकॅनिकल पार्किंग असेल तर शोरूमच्याही आधी ही पाटी वाचा, आणि आरशांसकट रुंदीही बघा.

यावर तोडगा निघाला तो शेजारच्या विंगमधल्या काकांमुळे. त्यांच्याकडे हॅचबॅक, पण पॅलेट वरचा. वरची गाडी काढायची तर आधी खालचे पॅलेट सरकतात, मग वरचा उतरतो, आणि वीज गेली की जनरेटर सुरू होईपर्यंत थांबावं लागतं. खालची गाडी केव्हाही थेट निघते. नवऱ्याने त्यांना अदलाबदलीचं विचारलं तर ते म्हणाले, "माझंच काम सोपं होतंय, मी कशाला नाही म्हणू?" पण तोंडी बोलण्यावर थांबू नका. दोघांच्या सह्यांचा अर्ज, दोन्ही अलॉटमेंट पत्रांच्या झेरॉक्स, नव्या गाडीची उंची आणि वजन दाखवणारं माहितीपत्रक, असं सगळं कमिटीला दिलं. कमिटीने देखभाल कंपनीकडून वरच्या पॅलेटची वजनक्षमता लेखी मागवली, ऑगस्टच्या सभेत विषय घेतला आणि इतिवृत्तात नोंद करून नवी पत्रं दिली. उद्या दोघांपैकी कुणी फ्लॅट विकला तर हाच कागद कामाला येईल.

पैशांचा तोडगा आमच्या हातात नव्हता. १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरच्या भाषणात जीएसटी कमी होणार असं जाहीर झालं आणि शोरूममधून फोन यायला लागले, "आत्ता बुक करा, नंतर वेटिंग वाढेल." आम्ही थांबलो. गणपती त्याच अनिश्चिततेत गेले. ३ सप्टेंबरला रात्री जीएसटी परिषदेचा निर्णय आला: चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांना सेससकट २९ आणि ३१ टक्क्यांऐवजी सरळ १८ टक्के, बाकीच्या पेट्रोल-डिझेल गाड्यांना ४० टक्के. लागू २२ सप्टेंबरपासून. यातही एक खाच आहे. ब्रेझा चार मीटरच्या आत आहे, पण तिचं पेट्रोल इंजिन १४६२ सीसी, म्हणून ती ४० टक्क्यांत राहिली. लांबी आणि सीसी दोन्ही अटी बसल्या तरच १८ टक्के.

नव्या दराने तेच व्हेरियंट एक्स-शोरूम ९ लाख ५१ हजारांवर आलं. मोठा फायदा पुढे होता. किंमत दहा लाखांच्या खाली आल्यामुळे रोड टॅक्स १२ वरून ११ टक्क्यांच्या टप्प्यात गेला, १,०४,६१० रुपये, आणि टीसीएस उडाला. जीएसटी आणि रोड टॅक्स मिळून एक लाखाहून जास्त वाचले आणि गाडी बजेटमध्ये बसली. तुमची गाडी दहा लाखांच्या काठावर असेल तर एखादी फॅक्टरी अ‍ॅक्सेसरी किंवा वेगळा रंग घेऊन ती काठ ओलांडत नाही ना, हे कोटेशनवर तपासा.

पितृपक्षात शोरूम रिकाम्या होत्या. आम्ही त्याच आठवड्यांत निवांत शेवटची टेस्ट ड्राइव्ह घेतली. एएमटी बघायची असेल तर चढावर थांबवून पुन्हा सुरू करा, मागे सरकते का बघा, आणि गिअर बदलताना येणारी छोटी थबक तुम्हाला चालते का ते ठरवा. मला चालली. घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी २१,००० रुपये भरून बुकिंग केलं. पावतीवर मॉडेल, व्हेरियंट, रंग आणि "रद्द केल्यास पूर्ण परतावा" हे शब्द लिहून घेतले. दसऱ्याला गाडी मिळणार नाही हे त्यांनी तेव्हाच सांगितलं. पाडव्याचं आश्वासन दिलं.

कोटेशनमध्ये "हॅन्डलिंग" नावाची एक ओळ होती. कशाचे पैसे, असं शांतपणे विचारलं आणि लेखी स्पष्टीकरण मागितलं. दुसऱ्या दिवशी आलेल्या कोटेशनमध्ये ती ओळ नव्हती. विम्यावर मात्र बराच वेळ गेला. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी आणि किमान एक वर्षाचा स्वतःच्या नुकसानीचा विमा असतो. १००० ते १५०० सीसीला तीन वर्षांच्या थर्ड पार्टीचा हप्ता १०,६४० रुपये, तो सगळीकडे सारखाच. बाकीच्यात तफावत असते. शोरूमचा आकडा ५२ हजारांचा होता. गाडीची विमा रक्कम तीच, झिरो डेप (घसारा न कापता भरपाई) आणि इंजिन प्रोटेक्टही तेच धरून बाहेरचा आकडा ४४ हजारांचा आला. तो दाखवल्यावर शोरूमनेही कमी केला.

आणि नो क्लेम बोनस विसरू नका. तो गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुन्या गाडीवर पाच वर्षं क्लेम नसेल तर ५० टक्के सूट नव्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या भागावर मिळते. पण त्यासाठी जुनी गाडी आधी विकलेली असावी लागते, मग विमा कंपनी बोनसचं पत्र देते. त्यामुळे क्रम असा ठेवावा लागला: आधी जुनीची विक्री, मग बोनसचं पत्र, मग नव्याचा विमा, मग नोंदणी. मधले दिवस रिक्षाने काढले. आमचा विमा शेवटी ३८ हजारांत बसला.

जुनी गाडी विकायलाही कागद लागतातच. २०१९ च्या एप्रिलआधीच्या गाडीला नवी एचएसआरपी (उच्च सुरक्षा) नंबर पाटी नसेल तर आरटीओ नाव बदलून देत नाही, म्हणून ती आम्ही जुलैतच बसवली होती, ८७९ रुपयांत. ऑनलाइन दंड तपासून भरले. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या केल्या आणि गाडी दिल्याची तारीख आणि वेळ लिहिलेलं पत्र घेणाऱ्याच्या सहीने ठेवलं. नाव बदलेपर्यंत सिग्नल तोडल्याचा दंड आपल्या मोबाइलवर येऊ शकतो, तेव्हा हे पत्र हाताशी लागतं.

कर्ज पाच लाखांचं, ९ टक्क्यांनी, पाच वर्षांसाठी. महिन्याचा हप्ता १०,३७९ रुपये. पगाराच्या पावत्या, फॉर्म १६ आणि सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट यात काम झालं.

नोंदणीआधी गाडी बघायला गोदामात गेलो. एकदा नोंदणी झाली की गाडी बदलून मिळणं जवळजवळ अशक्य, म्हणून ही भेट नोंदणीच्या आधीच घ्या, आणि दिवसाउजेडी. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. आमच्या चारही टायरवर ३२२५ ते ३४२५ होते, म्हणजे ऑगस्टमधले. स्टेपनीही बघा. फॉर्म २१ वर, म्हणजे विक्री प्रमाणपत्रावर, उत्पादनाचा महिना असतो, तो मिळवून पाहिला. चेसिस नंबरचा फोटो काढला आणि पुढे विम्यावर, इन्व्हॉइसवर, सगळीकडे तोच आहे ना हे जुळवलं.

२२ ऑक्टोबरला पाडवा. आदल्या दिवशी नंबर आला, एमएच-१२. शोरूममध्ये प्रचंड गर्दी होती, त्यामुळे सगळं समजावून घेणं त्या दिवशी शक्य नव्हतं. आम्ही पूजा करून गाडी घेतली आणि दोन दिवसांनी पुन्हा जाऊन जॅक कुठे, फ्यूज कुठे, चढावर गाडी मागे न सरकू देणारं हिल होल्ड कसं काम करतं हे शांतपणे विचारलं. सासूबाईंनी मात्र पाडव्यालाच चार वेळा बसून-उतरून पाहिलं, कुणाचाही हात न धरता. एकूण खर्च अकरा लाखांच्या किंचित आत आला. मॅट आणि मडफ्लॅप बाहेरून घेतले, ते वेगळे.

नोव्हेंबरमध्ये गावी जाऊन आलो. चार माणसं आणि भरलेली डिकी घेऊन गाडी वाडीपर्यंत उतरली, कुठेही घासली नाही. जाता-येता मिळून लिटरला साडेपंधरा किलोमीटर पडले. आरसीचं कार्ड त्यानंतर पोस्टाने आलं. तोपर्यंत डिजिलॉकरमधली प्रत चालते. कार्ड हातात पडल्यावर नाव, पत्ता, चेसिस नंबर आणि कर्ज देणाऱ्या बँकेचं नाव लगेच तपासा. कर्ज फिटल्यावर फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी देऊन तो बोजा उतरवावा लागतो, तेव्हा बँकेचं नाव चुकीचं असेल तर पुन्हा आरटीओत खेटे घालावे लागतात.